चार पानी अर्जातील माहिती पान बदलले तरी कशी टिकवावी?

अर्धविराम

एका प्रशिक्षण अभ्यासक्रमाच्या प्रवेशअर्जाचे काम माझ्याकडे आहे. अर्ज चार पानांचा आहे: वैयक्तिक माहिती, शिक्षण व अनुभव, कागदपत्रे आणि शेवटी पडताळणी. प्रत्येक पान सर्व्हरकडून स्वतंत्रपणे येते, आणि सगळी माहिती चौथ्या पानावरूनच एकदम पाठवायची असे आधीपासून ठरलेले आहे. त्यामुळे मधल्या पानांची माहिती ब्राउझरातच कुठेतरी सांभाळावी लागते. सध्या ती एका जावास्क्रिप्ट ऑब्जेक्टमध्ये गोळा करून, त्याचे जेसन (माहितीचे मजकूर-रूप) करून, लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरातील साठ्यात) एकाच नावाखाली ठेवली जाते आणि प्रत्येक पान उघडताना तिथून वाचून रकाने भरले जातात.

हे चालते, पण वापरणाऱ्यांकडून तीन तक्रारी सातत्याने येतात. पहिली अशी की मदतकक्षातील कर्मचारी दोन टॅबांत दोन वेगवेगळ्या उमेदवारांचे अर्ज भरू लागले की एकाचे नाव आणि दुसऱ्याचे शिक्षण असा मिसळलेला अर्ज तयार होतो. दुसरी अशी की सामायिक संगणकावर पुढच्या उमेदवाराला आधीच्या उमेदवाराची अर्धवट माहिती भरलेली दिसते. तिसरी विचित्र आहे: काही जणांची जन्मतारीख शेवटच्या पानावर एक दिवस मागची दिसते. याशिवाय तिसऱ्या पानावर निवडलेल्या फाइली चौथ्या पानापर्यंत पोचवण्याचा मार्ग मला अजून सापडलेला नाही.

लोकलस्टोरेज सोडून सेशनस्टोरेज वापरावे, कुकी वापरावी, की सगळेच इंडेक्स्डडीबीत (ब्राउझरातील डेटाबेसमध्ये) न्यावे? जाणकारांनी कारणांसह सांगितल्यास उपकार होतील.

तळटीप

साठवण कोणती वापरावी हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवून, ही माहिती कोणाची आहे आणि तिने किती काळ जगावे हे आधी लिहून काढावे, असे मी सुचवीन. तुमच्या पहिल्या दोन्ही तक्रारी त्या एकाच प्रश्नातून उद्भवलेल्या आहेत. अर्धवट अर्ज हा एका उमेदवाराचा आणि एका बैठकीचा असतो. लोकलस्टोरेज मात्र त्या ओरिजिनपुरते, म्हणजे त्या संकेतस्थळाच्या पत्त्यापुरते, संपूर्ण ब्राउझर प्रोफाइलचे असते आणि त्याला मुदतच नसते. म्हणजे एका माणसाची तात्पुरती वस्तू तुम्ही सर्वांच्या कायमच्या फडताळात ठेवली आहे. दुसऱ्याने ते उघडल्यावर ती दिसणारच.

आता प्रत्येक साठवणीचे आयुष्य पाहू. पानावरचे जावास्क्रिप्ट चल त्या दस्तऐवजाबरोबर जन्मतात आणि बहुधा त्याच्याबरोबरच जातात, कारण पुढच्या पानाला नवा ग्लोबल ऑब्जेक्ट मिळतो. सेशनस्टोरेज हे एका टॅबचे आणि त्या टॅबमधील एका ओरिजिनचे असते. पान पुन्हा लोड केले, दुसऱ्या पानावर गेले, किंवा अगदी दुसऱ्या संकेतस्थळावर जाऊन त्याच टॅबमध्ये परत आले तरी ते टिकते, आणि टॅब बंद केल्यावर जाते. लोकलस्टोरेज टॅब बंद केल्यावरही राहते. येथे ओरिजिन म्हणजे प्रोटोकॉल, यजमाननाव आणि पोर्ट हे तिन्ही मिळून. त्यामुळे एचटीटीपी आणि एचटीटीपीएस यांचे साठे वेगळे असतात, आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेला व न लावलेला पत्ता यांचेही वेगळे असतात. ‘पहिल्या पानावर भरले आणि दुसऱ्यावर दिसतच नाही’ अशी तक्रार आली, तर साठवणीला दोष देण्यापूर्वी मी मधली एखादी लिंक पत्ता बदलत तर नाही ना, हे पाहतो.

तुम्ही वर्णन केलेल्या कामासाठी मजकुराची माहिती सेशनस्टोरेजमध्ये नेली, तर पहिली तक्रार जवळजवळ संपेल आणि दुसरी बरीच कमी होईल. ‘जवळजवळ’ का, ते कोणीतरी विचारीलच.

जन्मतारखेचे कारण वेगळे आहे. जेसनला तारीख हा प्रकारच माहीत नाही. डेट ऑब्जेक्टचे जेसन करताना त्याची यूटीसीमधील (जागतिक प्रमाणवेळेतील) मजकूर-रूपातली वेळ लिहिली जाते. यूटीसीच्या पुढे असलेल्या प्रदेशात स्थानिक मध्यरात्र ही यूटीसीनुसार आदल्या दिवशीची वेळ असते, आणि पुढे कोणी त्या मजकुराची पहिली दहा अक्षरे कापून तारीख म्हणून दाखवली की दिवस एकाने मागे जातो. यूटीसीच्या मागे असलेल्या प्रदेशात उलट वाटेने तसाच घोळ होतो: फक्त वर्ष-महिना-दिवस असलेला मजकूर डेटला दिला तर तो यूटीसीची मध्यरात्र समजला जातो आणि स्थानिक वेळेत आदला दिवस दिसतो. जन्मतारखेला वेळही नसते आणि कालक्षेत्रही नसते. ती तारखेच्या रकान्यातून जशी मजकूर म्हणून येते, तशीच शेवटपर्यंत मजकूर म्हणून ठेवावी. जाता जाता हेही सांगतो की जेसन करताना अनडिफाइन्ड (मूल्यच न दिलेले) असलेले गुणधर्म गळून पडतात, नॅनचे (‘संख्या नाही’ या मूल्याचे) नल (रिकामे मूल्य) होते आणि मॅपचे (नावे व मूल्ये यांच्या जोड्यांचे)  रिकामे ऑब्जेक्ट होते. आणि या तिन्हींपैकी कशाचीही त्रुटी दिसत नाही.

कातळ

इतका खटाटोप कशासाठी? चारही पाने एकाच पानात आणून घटक बदलत राहावे. हिस्टरी एपीआयच्या (ब्राउझरचा इतिहास हाताळणाऱ्या सोयीच्या) पुशस्टेटने पत्ता बदलता येतो, दस्तऐवज तोच राहतो आणि माहिती स्मृतीतच राहते. साठवणीचा प्रश्नच उरत नाही.

सावकाश

कातळ यांचा मार्ग संगणकावर बराच काळ सुखाचा वाटतो. फोनवर मात्र याच अर्जाचे तिसरे पान त्याला अडवील. कागदपत्राचे छायाचित्र काढण्यासाठी उमेदवार फाइलच्या रकान्यातून कॅमेरा उघडतो. कॅमेऱ्याला स्मृती लागते. प्रणाली पार्श्वभूमीतील ब्राउझरचा टॅब काढून टाकते. आणि उमेदवार छायाचित्र घेऊन परत येतो तेव्हा पान नव्याने लोड होते. स्मृतीतील सर्व चल गेलेले असतात, आणि अर्ज एकपानी असला तर तिन्ही पायऱ्यांची माहिती एकदमच जाते. एकपानी रचना निवडण्याची इतर चांगली कारणे असतील, पण माहिती टिकवणे हे त्यांपैकी नव्हे.

याच कारणासाठी ‘पान सोडताना जतन करू’ हा विचारही टाकून द्यावा. अनलोड आणि बिफोरअनलोड या घटना फोनवर भरवशाच्या नाहीत. वापरकर्ता दुसऱ्या ॲपमध्ये गेला आणि तिथूनच ब्राउझर बंद झाला, तर त्या घडतच नाहीत. पान नजरेआड होताना येणारी व्हिजिबिलिटीचेंज ही त्यातल्या त्यात शेवटची विश्वासार्ह घटना समजली जाते. परंतु अर्जाच्या बाबतीत तिच्यावरही सर्वस्वी विसंबू नये: रकान्यात टंकणे थांबल्यावर अर्ध्या-एक सेकंदाने तो मसुदा लिहून टाकावा, आणि व्हिजिबिलिटीचेंजच्या वेळी राहिलेले शेवटचे अक्षर लिहावे.

अनलोडला श्रोता (ती घटना घडताच चालणारे कोड) लावण्याचा आणखी एक तोटा आहे, आणि तो तुमच्या विषयाशी थेट संबंधित आहे. आजचे ब्राउझर मागे गेल्यावर पान पुन्हा बांधत नाहीत. सोडलेले पान जावास्क्रिप्टच्या चालू स्थितीसह गोठवून स्मृतीत ठेवतात आणि मागे आल्यावर ते जिवंत करतात. याला बॅक-फॉरवर्ड कॅशे म्हणतात. फायरफॉक्स आणि सफारीत ही सोय पुष्कळ आधीपासून होती. संगणकावरील क्रोममध्ये ती २०२१ साली ९६व्या आवृत्तीत आली. अनलोडचा श्रोता असलेले पान संगणकावरील क्रोम आणि फायरफॉक्स या कॅशेत ठेवत नाहीत, त्यामुळे मागे जाणे विनाकारण संथ होते.

या कॅशेमुळे एक सूक्ष्म दोष मात्र निर्माण होतो, आणि तुमच्या अर्जात तो असणार असा माझा अंदाज आहे. उमेदवार पहिल्या पानावरून दुसऱ्यावर गेला, तिथे एखाद्या उत्तरामुळे पहिल्या पानाची काही माहिती तुमच्या कोडने बदलली, आणि तो मागे आला. पहिले पान गोठलेल्या अवस्थेतून उठते, लोडची घटना पुन्हा घडत नाही, आणि पानावरचा ऑब्जेक्ट जुनाच राहतो. उमेदवाराने एखादा रकाना बदलला की जुना ऑब्जेक्ट संपूर्णपणे नव्यावर लिहिला जातो आणि दुसऱ्या पानाची माहिती पुसली जाते. त्यासाठी पेजशो ही घटना ऐकावी. तिच्यातील पर्सिस्टेड हा गुणधर्म खरा असेल तर साठ्यातून पुन्हा वाचावे. त्याहून बरे म्हणजे प्रत्येक पानाने फक्त आपलाच भाग स्वतंत्र नावाने लिहावा आणि संपूर्ण अर्ज एका गठ्ठ्यात ठेवूच नये.

कातळ

कॅमेऱ्याचा मुद्दा मान्य आहे. मग एकपानी रचना आणि जोडीला सेशनस्टोरेज, असे म्हणू.

सावकाश

तसे चालेल, पण तेव्हा तुम्ही चार पानांच्या रचनेइतकेच साठवणीचे काम केलेले असेल. आणि टॅबच नव्हे तर संपूर्ण ब्राउझर प्रणालीने बंद केला, तर सेशनस्टोरेज परत मिळेलच याची हमी धरू नये.

दुसरी_बाजू

कुकीचा उल्लेख मूळ प्रश्नात आहे आणि त्याला कोणी हात लावलेला नाही, म्हणून लिहितो. एचटीटीपीला आधीची विनंती आठवत नाही ही अडचण सोडवण्यासाठीच १९९४ साली नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी कुकी आणली. तिचा हेतू सर्व्हरला ओळख पटवणे हा होता आणि आजही तिचे योग्य काम तेवढेच आहे. एका कुकीत साधारण ४०९६ बाइट मावतात. आणि महत्त्वाचे म्हणजे ती त्या पत्त्याकडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीबरोबर, चित्रे आणि शैलीपत्रके यांच्याबरोबरसुद्धा, प्रवास करते. अर्जाचा मजकूर कुकीत भरत गेल्यास सर्व्हरची शीर्षकांची (विनंतीच्या हेडरांची) मर्यादा ओलांडली जाते, आणि मग वापरकर्त्याला पानाऐवजी केवळ एक त्रुटी दिसते, जी कुकी पुसल्याशिवाय जात नाही. ब्राउझरात माहिती ठेवण्यासाठी दुसरे साधन नव्हते तोवर हा वापर समजण्यासारखा होता. इंटरनेट एक्स्प्लोरर ८ने २००९ साली लोकलस्टोरेज व सेशनस्टोरेज स्वीकारल्यावर तेही कारण उरले नाही.

मात्र एक गोष्ट कुकीतच ठेवावी, आणि ती म्हणजे लॉगिनची ओळख. एचटीटीपीओन्ली अशी खूण असलेली कुकी पानावरील जावास्क्रिप्टला वाचता येत नाही. लोकलस्टोरेज आणि सेशनस्टोरेज मात्र पानावर चालणारी कोणतीही स्क्रिप्ट वाचू शकते. त्यात तुम्ही बाहेरून जोडलेले विश्लेषणाचे किंवा गप्पाखिडकीचे कोडही आले. उमेदवाराचा ओळखपत्र क्रमांक मसुद्यात ठेवताना ही गोष्ट ध्यानात असावी.

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते स्पष्टच मांडतो. ‘सगळी माहिती चौथ्या पानावरूनच एकदम पाठवायची’ हा निर्णय हीच मूळ अडचण आहे. प्रत्येक पानावर ‘पुढे’ दाबल्यावर ते पान सर्व्हरकडे पाठवावे, सर्व्हरने मसुदा म्हणून ठेवावे आणि पुढच्या पानाकडे वळवावे. म्हणजे पान ताजे केल्यावर पुन्हा पाठवण्याचा प्रश्न येत नाही, दुसऱ्या यंत्रावरून अर्ज पुढे चालू करता येतो आणि पडताळणीही पानागणिक होते. ब्राउझरातील साठवण ही फक्त ‘पुढे’ दाबण्यापूर्वी टंकलेल्या मजकुराच्या रक्षणापुरती उरते.

तळटीप

दुसरी_बाजू यांच्याशी मी तत्त्वतः सहमत आहे, पण धागाकर्त्यांच्या वाक्यात ‘आधीपासून ठरलेले आहे’ असे आहे. अर्ज अंतिमतः पाठवण्यापूर्वी उमेदवाराची माहिती आपल्याकडे साठवायची नाही, असे धोरण असू शकते, आणि ते गैर नाही; अर्धवट सोडलेल्या हजारो मसुद्यांतील खासगी माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती संस्था का घेईल? त्यामुळे दोन्ही रचनांचा विचार व्हावा.

अर्धविराम

होय, धोरण तेच आहे. अंतिम संमतीवर खूण केल्याशिवाय सर्व्हरवर काहीही ठेवायचे नाही. त्यामुळे सध्या ब्राउझरातच राहावे लागेल.

जन्मतारखेचे निदान अचूक निघाले. ती आता मजकूर म्हणूनच फिरते. सेशनस्टोरेजवर मजकूर हलवून पाहिला आणि कर्मचाऱ्यांच्या टॅबांतील सरमिसळ थांबली. पण एक प्रकार उरला: एका कर्मचाऱ्याने टॅबवर उजवी कळ दाबून ‘डुप्लिकेट’ केले, आणि दोन्ही टॅबांत तोच मसुदा आला. हाच तो ‘जवळजवळ’ का? आणि फाइलींचे काय करावे?

तळटीप

होय, तोच. टॅबची प्रत काढली की ब्राउझर सेशनस्टोरेजचीही प्रत काढतो. विंडो-ओपनने नवी खिडकी उघडली आणि नो-ओपनर (नव्या खिडकीचा जुनीशी संबंध तोडणारी सूचना) सांगितले नाही, तरीही आरंभीची प्रत जाते. त्यानंतर दोन्ही प्रती स्वतंत्र असतात. एकीतील बदल दुसरीत जात नाही. नव्या टॅबमध्ये उघडणाऱ्या साध्या लिंकला आजचे ब्राउझर आपणहून नो-ओपनर मानतात, म्हणून तिथे हा त्रास सहसा होत नाही. काही जण यावर उपाय म्हणून प्रत्येक टॅबसाठी एक यादृच्छिक ओळख तयार करून ती सेशनस्टोरेजमध्ये ठेवतात, पण टॅबच्या प्रतीबरोबर ती ओळखही जशीच्या तशी जाते, त्यामुळे उपाय तिथेच संपतो.

मी मसुद्याला क्रमांक देऊन तो पत्त्यात ठेवीन. ‘नवा अर्ज’ दाबल्यावर ब्राउझरातच रँडम-यूयूआयडीने (यादृच्छिक ओळख देणाऱ्या सोयीने) क्रमांक तयार करावा आणि चारही पानांच्या पत्त्यांत तो हॅश (#) चिन्हानंतरच्या भागात न्यावा. हॅशनंतरचा भाग सर्व्हरकडे जातच नाही, त्यामुळे धोरणालाही बाधा येत नाही. उमेदवाराची प्रत्यक्ष माहिती मात्र पत्त्यात कधीही घालू नये. पत्ता ब्राउझरच्या इतिहासात राहतो, आणि लोक तो कोणालाही सहज पाठवतात. साठ्यातील नोंदींची नावे या क्रमांकावरून बांधली की दोन अर्ज एकाच टॅबमध्येही सुखाने नांदतात. ‘नवा अर्ज’ न दाबता टॅबची प्रत काढून दोन जागी एकच मसुदा कोणी उघडला, तर वेब लॉक्स एपीआयने त्या क्रमांकाचे कुलूप मागावे. मिळाले नाही तर ‘हा अर्ज दुसऱ्या टॅबमध्ये उघडा आहे’ असे सांगून रकाने फक्त वाचनापुरते ठेवावे. पान सोडल्यावर कुलूप आपोआप सुटते. असे कुलूप धरलेले पान काही ब्राउझर वर सांगितलेल्या मागे-पुढे कॅशेत ठेवत नाहीत, एवढी किंमत त्यासाठी मोजावी लागते.

आता फाइली. त्या सेशनस्टोरेजमध्ये बेस-६४ (मजकुराच्या अक्षरांत रूपांतर) करून ठेवण्याचा मोह होतो, आणि छोट्या चाचणीत ते यशस्वीही होते. परंतु या दोन्ही साठवणी केवळ मजकूर घेतात, त्यांची मर्यादा प्रत्येक ओरिजिनला साधारण ५ एमबी असते, बेस-६४मुळे आकार तृतीयांशाने वाढतो, आणि लिहिण्याचे काम पूर्ण होईपर्यंत पान अडकून राहते. फोनच्या कॅमेऱ्याची दोन छायाचित्रे पुरेशी होतात आणि सेटआयटम ही लिहिण्याची आज्ञा कोटा संपल्याची त्रुटी फेकते. ती त्रुटी पकडली नसेल तर त्यापुढची ओळ चालतच नाही आणि ‘पुढे’ हे बटण मृतवत दिसते.

फाइलींसाठी इंडेक्स्डडीबी हेच ठिकाण आहे. ती असमकालिक आहे (तिचे काम चालू असताना पान अडकत नाही), आणि तिच्यात फाइल, ब्लॉब (कच्चा बायनरी डेटा), तारीख, मॅप हे सर्व आपापल्या प्रकारात जसेच्या तसे ठेवता येते, कारण ती जेसनऐवजी ब्राउझरची स्ट्रक्चर्ड क्लोन पद्धत वापरते. तिथे दोन खाचखळगे आहेत. पहिला: व्यवहार (ट्रान्झॅक्शन) उघडून मध्येच एखाद्या फेचची (सर्व्हरकडे केलेल्या मागणीची) वाट पाहिली, तर करण्यासारखे काही उरले नाही असे समजून ब्राउझर तो व्यवहार पूर्ण करून टाकतो, आणि पुढची मागणी व्यवहार निष्क्रिय असल्याची त्रुटी देते. म्हणून लागणारे सर्व आधी गोळा करावे आणि मग व्यवहार उघडावा. दुसरा: फाइल परत काढली तरी ती फाइलच्या रकान्यात मजकुरासारखी भरता येत नाही, सुरक्षिततेसाठी त्या रकान्याचे मूल्य कोडने ठरवू दिले जात नाही. त्यामुळे परत आलेल्या उमेदवाराला फाइलीचे नाव, आकार आणि ‘बदला’ हे बटण दाखवावे, आणि अखेरीस फॉर्मडेटामध्ये (पाठवायच्या माहितीच्या गठ्ठ्यात) ती फाइल साठ्यातून घालून पाठवावी.

पारदर्शक

इंडेक्स्डडीबीत ठेवले म्हणजे कायमचे राहिले, असे कोणी समजू नये. नेहमीची साठवण ही ‘जमेल तोवर’ या तत्त्वावर असते आणि यंत्रावरील जागा कमी पडली की ब्राउझर एखाद्या ओरिजिनचा सगळा साठा एकदम काढून टाकतो. क्रोम एका ओरिजिनला डिस्कच्या ६० टक्क्यांपर्यंत जागा देऊ शकतो. फायरफॉक्स सामान्यतः डिस्कच्या १० टक्के किंवा १० जीआयबी यांपैकी जे कमी असेल ते. नॅव्हिगेटर-स्टोरेजमधील एस्टिमेटने अंदाज घेता येतो आणि पर्सिस्टने टिकाऊपणाची विनंती करता येते. ती मान्य होईलच असे नाही.

सफारीचा नियम अधिक कडक आहे. मार्च २०२० पासून, म्हणजे सफारी १३.१ आणि आयओएस १३.४ पासून, वापरकर्त्याने ब्राउझर वापरलेल्या सात दिवसांत त्या संकेतस्थळाशी काहीही व्यवहार केला नाही, तर स्क्रिप्टने लिहिलेली साठवण पुसली जाते. त्यात लोकलस्टोरेजही येते आणि इंडेक्स्डडीबीही. तेव्हा ‘अर्ज अर्धवट सोडा आणि महिन्याने पूर्ण करा’ असे आश्वासन सर्व्हरवरील मसुद्याशिवाय देऊच नये. पानावर ‘हा मसुदा फक्त या ब्राउझरात आहे’ ही ओळ स्पष्ट दिसावी.

आणखी एक. वापरकर्त्याने कुकींना पूर्ण बंदी केली असेल, तर काही ब्राउझरांत लोकलस्टोरेज हा शब्द कोडमध्ये उच्चारताच सुरक्षिततेची त्रुटी येते. लिहिण्यापर्यंत गोष्ट जातच नाही. त्यामुळे वाचणे आणि लिहिणे एका छोट्या आवरणात ठेवावे, त्रुटी तिथेच पकडावी आणि माहिती जतन होत नसल्याचे वापरकर्त्याला सांगावे.

कातळ

अर्ज दुसऱ्या संस्थेच्या पानात आयफ्रेमने (पानातील चौकटीने) दाखवला तर हाच साठा वाचता येईल का?

पारदर्शक

नाही. आता साठवण वरच्या पानाच्या संकेतस्थळानुसार विभागलेली असते; क्रोममध्ये हे २०२३ साली ११५व्या आवृत्तीपासून लागू झाले. तुमच्याच ओरिजिनचे पान दुसऱ्याच्या चौकटीत उघडले की त्याला वेगळा, रिकामा कप्पा मिळतो. तिथे सुरू केलेला अर्ज तुमच्या मूळ पत्त्यावर दिसणार नाही.

अर्धविराम

सर्वांच्या सूचनांवरून आता पुढीलप्रमाणे बांधणी करत आहे. मसुद्याचा क्रमांक पत्त्यात हॅशनंतर. मजकूर सेशनस्टोरेजमध्ये, प्रत्येक पानाची स्वतंत्र नोंद आणि तिच्यात रचनेचा आवृत्ती-क्रमांक, म्हणजे अर्जात उद्या रकाना वाढला तर जुना मसुदा ओळखता येईल. फाइली इंडेक्स्डडीबीत, त्याच क्रमांकाखाली. फाइलींच्या नोंदीत वेळही लिहितो, आणि कोणताही अर्ज उघडताना एक दिवसाहून जुन्या नोंदी पुसतो, कारण टॅब बंद झाल्यावर सेशनस्टोरेज जाईल पण फाइली मागे राहतील.

दोन शंका आहेत. चौथ्या पानानंतर उमेदवार शुल्क भरण्यासाठी दुसऱ्या संकेतस्थळावर जातो आणि तिथून परत येतो. काही जण परत आल्यावर लॉगिनच्या बाहेर फेकले जातात. हा साठवणीचाच दोष आहे का? आणि अर्ज यशस्वी झाल्यावर साठा पुसण्याची योग्य वेळ कोणती?

दुसरी_बाजू

पहिला दोष बहुधा कुकीचा आहे. शुल्काचे संकेतस्थळ वापरकर्त्याला परत पाठवताना पोस्ट विनंती (माहिती घेऊन जाणारी विनंती) करत असेल, तर ती तुमच्या दृष्टीने परक्या संकेतस्थळावरून आलेली पोस्ट ठरते, आणि सेमसाइटचे (कुकी परक्या संकेतस्थळावरून आलेल्या विनंतीबरोबर जावी की नाही हे ठरवणाऱ्या गुणधर्माचे) मूल्य लॅक्स असलेली कुकी अशा विनंतीबरोबर जात नाही. क्रोमने २०२० साली ८०व्या आवृत्तीपासून मूल्य न दिलेल्या कुकीलाही लॅक्सच मानण्यास सुरुवात केली. अशी कुकी अगदी ताजी असताना थोडा वेळ तिला सूट मिळते, म्हणून हा दोष कधी दिसतो आणि कधी नाही. सेमसाइट नन करून लॉगिनची कुकी सर्वत्र मोकळी सोडू नका. परतीचा पत्ता कुकी न मागणारा ठेवा, तिथे शुल्काच्या उत्तराची सही तपासा, आणि ‘अर्जाकडे परत’ अशी लिंक असलेले लहानसे पान दाखवा. तुमच्याच पानावरील त्या लिंकवर दाबल्यावर निघणारी विनंती आतलीच असते आणि कुकी पूर्ववत जाते. सेशनस्टोरेजला या फेरीने काही होत नाही, कारण टॅब तोच आहे.

सावकाश

दुसऱ्या शंकेविषयी. ‘पाठवा’ दाबल्यावर लगेच साठा पुसू नये; सर्व्हरकडून यशाचे उत्तर हाती आल्यावरच पुसावा, अन्यथा जाळे तुटले की अर्ज ना इकडे ना तिकडे. सर्व्हरने क्लिअर-साइट-डेटा हे शीर्षक पाठवून साठा पुसण्याची सोय आहे, पण ती त्या ओरिजिनचा संपूर्ण साठा काढते. कर्मचाऱ्याने शेजारच्या टॅबमध्ये निवडून ठेवलेल्या दुसऱ्या उमेदवाराच्या फाइलीही त्यात जातील. लॉगआउटच्या वेळी ते शीर्षक योग्य आहे. एक अर्ज संपल्यावर त्याच क्रमांकाच्या नोंदी नेमक्या पुसाव्यात.

पण तेवढ्याने सामायिक संगणकाची तक्रार मिटत नाही. अर्ज गेला, साठा रिकामा झाला, आणि पुढच्या उमेदवाराने त्याच टॅबमध्ये मागे जाण्याचे बटण दाबले, तर गोठवलेले पान सर्व भरलेल्या रकान्यांसह जसेच्या तसे उठेल, कारण ती प्रत तुमच्या साठ्यात नसून ब्राउझरच्या स्मृतीत आहे. म्हणून पेजशोच्या वेळी पत्त्यातील क्रमांकाचा मसुदा साठ्यात आहे का ते पाहावे. नसेल तर रकाने रिकामे करून लोकेशन-रिप्लेसने आरंभाच्या पानावर पाठवावे. गोठवलेले पान नसतानाही ब्राउझर स्वतःहून रकान्यांतील जुना मजकूर परत भरतो, तेव्हा ओळखपत्र क्रमांकासारख्या रकान्यांना ऑटोकम्प्लीट बंद असल्याचे सांगावे. ही तपासणी चारही पानांवर लागेल, कारण मागे जाणारा चौथ्यावरच थांबेल असे नाही.